परदेशात गेलेली लीग दुसऱ्या हंगामात का अडखळते?

प्रश्न असा आहे: स्वतःच्या देशात मैदानं भरवणाऱ्या, प्रक्षेपण हक्कांतून प्रचंड पैसा कमावणाऱ्या व्यावसायिक लीग दुसऱ्या देशात पाय ठेवला की का धडपडतात? पैसा असतो, उत्तम खेळाडू असतात, कित्येक वर्षांचा अनुभव असतो. मग घोडं अडतं कुठे?

मी वीसेक वर्षं याच कामात आहे. आधी सामन्यांचं आयोजन केलं, मग वेळापत्रकं बसवली, आणि आता बरीच वर्षं विस्ताराचे प्रस्ताव तपासून 'करा' किंवा 'करू नका' असं सांगतो. थोडक्यात उत्तर द्यायचं तर लीगला खेळ परदेशी नेता येतो, खेळाडू नेता येतात, पण घरच्या प्रेक्षकाची सवय नेता येत नाही. आणि लीगचा खरा पैसा त्या सवयीतून येतो. प्रवास, चलन, कायदे, मैदानाची मापं ही कारणं खरीच आहेत, पण त्यांचा घाव बसतो तो शेवटी याच जागी.

सुरुवात पहिल्या सामन्यापासून करतो, कारण फसगत तिथेच होते. नव्या देशातला पहिला सामना जवळजवळ नेहमी भरतो. लोक कुतूहलाने येतात, लीगच्या मूळ देशातून तिथे जाऊन राहिलेले लोक येतात, प्रायोजकांचे पाहुणे येतात, बऱ्याच जणांच्या हातात फुकट पास असतात. दुसऱ्या दिवशी भरलेल्या मैदानाचा फोटो संचालक मंडळासमोर ठेवला जातो आणि सांगितलं जातं की इथे मागणी आहे. असा एक फोटो मीही ठेवलेला आहे.

त्या सामन्याच्या संध्याकाळी मी प्रवेशद्वारापाशी उभा राहून रांगेतल्या लोकांच्या अंगावरच्या जर्सी बघत होतो. लीगमधल्या जवळपास सगळ्या संघांचे रंग त्या रांगेत होते. ज्या दोन संघांचा सामना होता, त्यांचेच सगळ्यात कमी. मला तेव्हा ते कौतुकाचं वाटलं, लीग किती लोकप्रिय आहे बघा म्हणून. खरा अर्थ सामन्याच्या शेवटी कळला. पाच मिनिटं उरली होती, गुण बरोबरीत होते, आणि पार्किंगकडे उतरणारा जिना माणसांनी भरून गेला होता. घरच्या मैदानावर बरोबरीतल्या सामन्यात कुणी जागचं हलत नाही. इथे मात्र कोण जिंकतं याने त्या माणसांच्या दुसऱ्या दिवसात काडीचाही फरक पडणार नव्हता. ते लीग बघायला आले होते आणि ती त्यांची बघून झाली होती. त्याच मोसमातल्या चौथ्या सामन्याला आम्ही मैदानाचे आठपैकी तीनच दरवाजे उघडले. बाकीच्या दरवाजांवर माणसं उभी करण्याचा खर्च परवडत नव्हता.

सवय म्हणजे नेमकं काय, हे जरा उलगडून सांगतो. सामन्याचा ठरलेला वार आणि ठरलेली वेळ. ज्याला हरवल्यावर आठवडाभर बरं वाटतं असा एखादा प्रतिस्पर्धी संघ. आपल्याला पहिल्यांदा मैदानावर घेऊन गेलेलं घरातलं कुणीतरी. हरल्यावर कामाच्या ठिकाणी ऐकावे लागणारे टोमणे. हे सगळं असलं की माणूस संघ तळाला असतानाही तिकीट काढतो. प्रक्षेपण हक्क विकत घेणाऱ्या वाहिनीलाही हाच माणूस हवा असतो. अंतिम सामना कुठेही बघितला जातो, त्यासाठी कुणी पाच-पाच वर्षांचा करार करत नाही. करार होतो तो नवव्या आठवड्यातल्या, मधल्या क्रमांकावरच्या दोन संघांच्या सामन्यासाठी. तोही लोक बघतील या खात्रीसाठी. नव्या देशात अंतिम सामन्याचा प्रेक्षक मिळतो, नवव्या आठवड्याचा मिळत नाही. तो मिळेपर्यंत हंगामी तिकिटं विकली जात नाहीत, प्रायोजक एका वर्षापलीकडे सही करत नाहीत, आणि संघमालक दर महिन्याला खिशातून पैसे घालत राहतो.

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, युरोपातला अनुभव मला या बाबतीत सगळ्यात शिकवणारा वाटतो. १९९१ मध्ये वर्ल्ड लीग ऑफ अमेरिकन फुटबॉल सुरू झाली. दहा संघ होते, त्यांतले तीन युरोपात: लंडन, बार्सिलोना आणि फ्रँकफर्ट. पहिला अंतिम सामना लंडनच्या वेम्बली मैदानावर झाला, ६१,१०८ लोक आले आणि लंडन मोनार्क्सने बार्सिलोना ड्रॅगन्सना २१-० असं हरवलं. घरचा संघ, घरचं मैदान आणि विजेतेपद. याहून चांगली सुरुवात मागूनही मिळत नाही. तरीही १९९२ च्या हंगामानंतर लीग थांबवावी लागली. १९९५ मध्ये ती फक्त युरोपातले सहा संघ घेऊन परत आली तेव्हा मोनार्क्स टॉटनहॅम या फुटबॉल क्लबच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर खेळत होते. तिथे शंभर यार्डांचं मैदान बसत नव्हतं, म्हणून ९३ यार्डांवर काम भागवलं गेलं. १९९८ मध्ये संघाचं नाव इंग्लंड मोनार्क्स झालं आणि 'घरचे' सामने लंडन, ब्रिस्टल आणि बर्मिंगहॅम अशा तीन शहरांत वाटले गेले. त्या हंगामानंतर संघ बंद झाला आणि त्याची जागा बर्लिनने घेतली. सात वर्षांपूर्वी ज्या संघाने वेम्बलीवर विजेतेपद घेतलं होतं, त्याच्या चाहत्याला आपण नेमकं कुठे जायचं हेसुद्धा सांगता येत नव्हतं. सवय अशीच मोडते. संघाला एक घर नसेल तर चाहत्याने पाय रोवायचे कुठे?

दुसरी अडचण त्याहून खोल होती. ही लीग वसंत ऋतूत भरायची आणि तिच्यातले बरेच खेळाडू अमेरिकेतल्या संघांनी अनुभवासाठी पाठवलेले असायचे. चांगला खेळला की परत बोलावणं ठरलेलं. कर्ट वॉर्नर १९९८ च्या हंगामात ॲमस्टरडॅम ॲडमिरल्सकडून खेळला आणि जानेवारी २००० मध्ये सेंट लुइस रॅम्सला सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना, जिंकून देऊन सर्वोत्तम खेळाडू ठरला. अमेरिकेत ही गोष्ट लीगच्या यशाची म्हणून सांगितली जाते. ॲमस्टरडॅमच्या प्रेक्षकाच्या बाजूने बघा: आपल्या शहरात मोठा झालेला खेळाडू आपला कधीच होणार नाही, आणि खरी लीग दुसरीकडेच आहे, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. नव्या देशातला प्रेक्षक खेळाचे नियम हळूहळू शिकतो, पण आपल्याला दुय्यम माल दिला जातोय हे त्याला लगेच कळतं. लीगवाले ही गोष्ट नेहमी कमी लेखतात आणि मला दर वेळी याचा राग येतो. शेवटी शेवटी सहापैकी पाच संघ जर्मनीत उरले होते आणि जून २००७ मध्ये लीग कायमची बंद झाली.

पुढचं तितकंच महत्त्वाचं आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एनएफएलने वेम्बलीवर न्यूयॉर्क जायंट्स आणि मायामी डॉल्फिन्स यांचा साखळी सामना भरवला. खरे संघ, खरे गुण. तेव्हापासून ती लीग संघ पाठवण्याऐवजी सामने पाठवते. २०१३ पासून जॅक्सनव्हिल जॅग्वार्स लंडनला सातत्याने खेळू लागले, म्हणजे तिथल्या प्रेक्षकाला ओळखीचा एक तरी संघ मिळाला. २०२२ मध्ये म्युनिकला सामना झाला तेव्हा जर्मन प्रेक्षकांची तयारी बघून लोक थक्क झाले. माझं मत असं आहे की त्या प्रेक्षकांतले कितीतरी जण बंद पडलेल्या त्या लीगनेच घडवले होते. फ्रँकफर्टला ज्यांनी पोरवयात सामने पाहिले, ते आता कमावते झाले होते. पीक आलं, पण पेरणाऱ्याचा ताळेबंद तोवर मिटला होता. आणि इतकं सगळं होऊनही लंडनमध्ये कायमचा संघ अजून नाही, कारण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून लंडनला यायला दहा तासांहून जास्त विमानप्रवास, आठ तासांचा वेळेचा फरक, आणि त्या शहरात आठवड्याला एक सामना खेळून पुन्हा तंदुरुस्त व्हायचं, हे गणित अजून कुणाला जमलेलं नाही.

आता उलट दिशेचं उदाहरण. कॅनडाची फुटबॉल लीग, सीएफएल, १९९३ ते १९९५ या काळात अमेरिकेत उतरली. बाहेरून बघणाऱ्याला यात धोका दिसत नव्हता: शेजारचा देश, भाषा तीच, खेळही जवळपास तोच. या 'जवळपास'नेच घात केला. कॅनडाचं मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद. अमेरिकेचं १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांपेक्षा थोडंसंच जास्त रुंद. कॅनडात बारा खेळाडू, आणि दहा यार्ड पुढे सरकायला तीन संधी. अमेरिकेत अकरा खेळाडू आणि चार संधी. अमेरिकेतली मैदानं ज्या मापावर बांधलेली, त्यांत कॅनडाचा खेळ मावेना. मेम्फिसला मैदानाच्या दोन्ही टोकांचे गुण मिळवायचे पट्टे, म्हणजे एंड झोन, नियमातल्या वीस यार्डांपेक्षा कितीतरी आखूड ठेवावे लागले. अशा मैदानावर उभा असलेला खेळाडू आणि वर बसलेला प्रेक्षक, दोघांनाही कळत असतं की ही जागा आपली नाही.

लास व्हेगासमध्ये १९९४ साली पहिल्या घरच्या सामन्यापूर्वी कॅनडाचं राष्ट्रगीत भलत्याच चालीवर गायलं गेलं. कॅनडात लोक प्रचंड दुखावले. गायकाची चूक म्हणून ती सोडून देता येईल, पण मला तिच्यात मोठी गोष्ट दिसते: त्या संध्याकाळी तिथे आयोजकांपैकी कुणालाही ते गीत ओळखीचं नव्हतं. लीग तिथे पोचली होती, लीगची माणसं पोचली नव्हती. प्रेक्षक इतके आटले की त्या संघाचा शेवटचा 'घरचा' सामना प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर, कॅनडातल्या एडमंटनला खेळवावा लागला. बर्मिंगहॅम, अलाबामा इथे तर उन्हाळ्यात गर्दी बरी होती. मग विद्यापीठांचा फुटबॉल मोसम सुरू झाला आणि मैदान रिकामं पडलं. त्या राज्यात विद्यापीठाच्या सामन्याचा शनिवार पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. तिथे नव्याने आलेल्याला जागाच नव्हती.

बॉल्टिमोरची गोष्ट मात्र सांगायलाच हवी. १९८४ मध्ये त्या शहराचा एनएफएल संघ, कोल्ट्स, रातोरात सामान ट्रकमध्ये भरून इंडियानापोलिसला गेला होता. दहा वर्षांनी सीएफएलचा संघ आला तेव्हा लोकांनी मैदान भरलं. त्यांना संघाचं नावही कोल्ट्सच हवं होतं. एनएफएल न्यायालयात गेली आणि ते नाव मिळालं नाही. संघ चांगला होता, १९९५ चा ग्रे कप (सीएफएलचा विजेतेपदाचा कप) त्याने जिंकला, आणि अमेरिकी संघाने तो जिंकण्याची ती एकमेव वेळ ठरली. पण अंतिम सामन्याच्या दोनच आठवडे आधी क्लीव्हलँडचा एनएफएल संघ बॉल्टिमोरला येणार असल्याची घोषणा झाली होती. विजेता संघ पुढच्या वर्षी माँट्रियलला हलला. बॉल्टिमोरच्या लोकांना फुटबॉल हवा होता, हे खरं. पण त्यांना हवा होता तो हरवलेला फुटबॉल, आणि सीएफएलने त्या भुकेला आपली मागणी समजण्याची चूक केली. प्रस्ताव तपासताना मी आजही विचारतो: ही गर्दी तुमच्यासाठी आहे की दुसऱ्या कुणाच्या गैरहजेरीमुळे आहे?

अंतराबद्दल बोलायचं तर न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिकेच्या संघांची लीग, सुपर रग्बी. २०१६ मध्ये टोकियोचा सनवुल्व्ह्‌ज आणि ब्युनोस आयर्सचा हग्वारेस असे दोन नवे संघ घेतले गेले. वेळापत्रकाच्या सोयीसाठी टोकियोच्या संघाला दक्षिण आफ्रिकेच्या गटात टाकलं. काही 'घरचे' सामने सिंगापूरला ठेवले, म्हणजे घरच्या सामन्यासाठीही विमान. पहिल्या हंगामात १५ सामन्यांत एक विजय आणि एक बरोबरी एवढंच हाती लागलं. वेळापत्रक बसवणारा माणूस म्हणून मला त्या संघाबद्दल फार वाईट वाटतं. कागदावर दोन रेघांमधली ती एक चौकट असते, प्रत्यक्षात ते तीस-पस्तीस खेळाडूंचं न झालेल्या झोपेचं आठवडाभराचं देणं असतं. आणि एवढं सोसून मार्च २०१९ मध्ये जाहीर झालं की २०२० नंतर संघ लीगमध्ये नसेल. त्यानंतर सहाच महिन्यांनी जपानमध्ये रग्बी विश्वचषक झाला, यजमान संघ उपांत्यपूर्व फेरीत पोचला आणि अख्खा देश रग्बी बघत होता. हग्वारेसचं नशीब वेगळं होतं: २०१९ मध्ये ते थेट अंतिम सामन्यापर्यंत गेले, पण कोरोनाच्या साथीत लीग विस्कटली, दक्षिण आफ्रिकेचे संघ युरोपातल्या स्पर्धेकडे वळले, आणि अर्जेंटिनाच्या त्या संघाला खेळायला लीगच उरली नाही.

वेळेच्या फरकाबद्दल एक छोटी नोंद. २००९ मध्ये भारतातल्या निवडणुकांमुळे आयपीएल दक्षिण आफ्रिकेत खेळवली गेली. सामने तिथल्या वेळेनुसार दुपारी साडेबारा आणि साडेचारला सुरू व्हायचे, कारण भारतात तेव्हा चार आणि आठ वाजलेले असायचे. त्या हंगामापुरता तो निर्णय योग्यच होता. लीगचा ग्राहक कोण आहे याबद्दल कुणाच्या मनात गोंधळ नव्हता. गोंधळ तेव्हा होतो जेव्हा एखादी लीग नव्या देशाला 'तुम्ही आमचे' म्हणते आणि सामन्याची वेळ मात्र जुन्या देशाच्या टीव्हीसाठी ठरवते. त्याच सुमारास सुरू झालेली चॅम्पियन्स लीग टी-२० २०१५ मध्ये गुंडाळली गेली. वेगवेगळ्या देशांचे विजेते एकत्र आणले होते, खेळ उत्तम होता, पण एका देशाच्या संघाशी दुसऱ्या देशाच्या प्रेक्षकाचं भांडणच नव्हतं. भांडण नसेल तर चुरस पडद्यावर दिसते, पोटात उतरत नाही.

जवळचं भांडण किती मोलाचं असतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण हेलसिंकीचं आहे. योकेरित हा तिथला जुना आइस हॉकी संघ, आणि त्याच शहरातल्या एचआयएफकेशी त्याचं जुनं वैर. २०१४ मध्ये योकेरित फिनलंडची लीग सोडून रशियाच्या नेतृत्वाखालच्या केएचएलमध्ये गेला. खेळाचा दर्जा वाढला, बजेट वाढलं, पण शहरातल्या त्या वैराचे साखळी सामने संपले. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर संघ केएचएलमधून बाहेर पडला, आणि २०२३ मध्ये फिनलंडमध्ये परतला तो दुसऱ्या स्तरावरून सुरुवात करत. प्रागचा लेव्ह हा संघ तर २०१४ मध्ये केएचएलच्या अंतिम फेरीत सातव्या सामन्यापर्यंत लढला आणि त्याच उन्हाळ्यात पैशाअभावी बंद झाला. मैदानावरच्या यशाने ताळेबंद सुधारतो, हा समज मी अशा उदाहरणांनंतर सोडून दिला.

पैशाबद्दल दोनच मुद्दे, पण दोन्ही जीवघेणे. पहिला चलनाचा. १९९५ मध्ये अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगने, एनबीएने, टोरोंटो आणि व्हँकूव्हर असे कॅनडात दोन संघ दिले. तिकिटाचे पैसे कॅनडाच्या डॉलरमध्ये यायचे, खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये जायचे. कॅनडाचा डॉलर घसरत घसरत २००२ च्या जानेवारीत ६२ अमेरिकी सेंटच्याही खाली गेला. मैदान तेवढंच भरलेलं असताना खर्च आपोआप वाढत जातो, आणि यावर प्रशिक्षकाकडे काही उपाय नसतो. दुसरा मुद्दा वाटणीचा. टोरोंटो वुल्फपॅक या रग्बी लीग (तेरा खेळाडूंची रग्बी) खेळणाऱ्या संघाला इंग्लंडच्या स्पर्धेत घेतलं गेलं, पण तिथल्या सर्वोच्च स्तरावर, सुपर लीगमध्ये, पोचल्यावरही प्रक्षेपणाच्या मध्यवर्ती पैशातला वाटा त्याला नव्हता. शिवाय अटलांटिक ओलांडून येणाऱ्या पाहुण्या संघांच्या प्रवासाचा भार त्याने उचललेला होता. २०२० च्या जुलैमध्ये साथीच्या काळात तो संघ बाहेर पडला. नव्या सदस्याकडून खर्च पूर्ण घ्यायचा आणि उत्पन्नात वाटा द्यायचा नाही, असा करार समोर आला की मी पुढचं पान उलटत नाही.

व्हँकूव्हरच्या एनबीए संघाला आणखी एक घाव बसला. पहिली काही वर्षं दोन्ही नव्या संघांना ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, पहिली निवड मिळणार नाही, असं करारातच होतं. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज, त्यालाच रांगेत मागे ठेवलं. १९९९ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर निवडलेल्या स्टीव्ह फ्रान्सिसने तिथे खेळायला साफ नकार दिला आणि त्याला दुसऱ्या संघाकडे द्यावं लागलं. सहा हंगामांत एकदाही संघाने ८२ पैकी २३ पेक्षा जास्त सामने जिंकले नाहीत. २००१ मध्ये तो मेम्फिसला गेला. व्हँकूव्हरच्या लोकांना बास्केटबॉल आवडत नव्हता असं लोक आजही म्हणतात. मला ते अन्यायाचं वाटतं. सहा वर्षं हरणारा संघ ज्यांनी पाहिला, त्यांना त्या खेळाची गोडी नव्हती कशावरून?

कायदे, परवाने, त्या देशाचा क्रीडा महासंघ आणि राजकारण यांच्यावर फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना दिसतं. २०१९ मध्ये ह्यूस्टन रॉकेट्सच्या व्यवस्थापकाच्या हाँगकाँगविषयीच्या एका ट्विटनंतर चीनच्या सरकारी वाहिनीने एनबीएचं प्रक्षेपण थांबवलं. वर्षानुवर्षं उभारलेलं काम काही दिवसांत अडलं. यातून एवढंच घ्यायचं की एका वाहिनीवर किंवा एका सरकारच्या मर्जीवर सगळा डोलारा उभा करू नये. घरच्या चाहत्यांचा विरोध मात्र अधिकारी फार हलक्यात घेतात. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने २००८ मध्ये परदेशात एक जादा फेरी खेळवण्याची कल्पना मांडली आणि चहूबाजूंनी टीका झाल्यावर ती सोडली. स्पेनच्या ला लीगाचा व्हिलारेयाल-बार्सिलोना सामना मायामीला न्यायचा बेत ऑक्टोबर २०२५ मध्ये रद्द झाला. त्याआधी खेळाडूंनी सामन्याच्या सुरुवातीला पंधरा सेकंद निश्चल उभं राहून निषेध नोंदवला होता. परदेशी नेलेला प्रत्येक साखळी सामना कुणाच्या तरी हंगामी तिकिटातून काढून घेतलेला असतो.

मग रुजतं कोण? माझ्या मते पेर्पिन्याँचं उदाहरण सगळ्यात नीट अभ्यासावं. सुपर लीगचा पहिलावहिला सामना मार्च १९९६ मध्ये पॅरिसमध्ये झाला होता, जवळपास १८ हजार लोक आले होते आणि यजमान जिंकलेही होते. दोन हंगामांत तो संघ संपला. पॅरिस हे झगमगतं शहर, पण रग्बी लीगशी त्याचं नातं नव्हतं. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, लीगने फ्रान्सच्या दक्षिण टोकाला असलेल्या पेर्पिन्याँच्या कातालान्स ड्रॅगन्सना घेतलं. शहर कितीतरी लहान, पण त्या भागात हा खेळ १९३० च्या दशकापासून गावागावांत खेळला जात होता, आणि हा संघही दोन जुन्या स्थानिक क्लबांच्या विलीनीकरणातून तयार झालेला होता. लीगने त्यांना तीन वर्षं खालच्या स्तरावर न ढकलण्याची हमी दिली. पहिल्या हंगामात ते तळाला राहिले, म्हणजे हमी नसती तर तिथेच खेळ खलास होता. दुसऱ्या वर्षी ते चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात पोचले आणि २०१८ मध्ये तो कप जिंकणारा इंग्लंडबाहेरचा पहिला संघ ठरले. पॅरिसला आधी बाजारपेठ बघितली होती, इथे आधी माणसं बघितली.

टोरोंटोचा एनबीए संघ रॅप्टर्सही टिकला, पण कसा ते पाहा. व्हँकूव्हरसारख्याच अटी, तसाच घसरणारा डॉलर. १९९८ मध्ये व्हिन्स कार्टर आला, १९९९ मध्ये स्वतःचं बंदिस्त मैदान मिळालं, आणि एक अख्खी पिढी त्याचे डंक (उंच उडी मारून चेंडू वरून बास्केटमध्ये ठोकणं) बघत बास्केटबॉलकडे वळली. विजेतेपद आलं २०१९ मध्ये, चोविसाव्या वर्षी. मधल्या काळात मालकांनी संघ विकून दुसरीकडे हलवला असता तर टोरोंटोलाही 'तिथे बास्केटबॉल चालत नाही' असंच म्हटलं गेलं असतं.

म्हणून माझ्याकडे प्रस्ताव आला की मी आधी तिसऱ्या हंगामाचा मधला आठवडा उघडतो. संघ सहाव्या क्रमांकावर आहे, मोठा खेळाडू जखमी आहे, पाऊस पडतोय. त्या दिवशी तिकीट कोण काढणार, आणि का? पहिल्या सामन्याचे अंदाज सगळे सुंदर रंगवून आणतात, या आठवड्याचं पान बहुतेक प्रस्तावांत नसतंच. मग मैदान स्वतःचं आहे की दुसऱ्या क्लबचं उरलेलं, हे बघतो. एकदा आमच्या संघाला भाड्याच्या मैदानावर यजमान क्लबच्या वेळापत्रकातून शिल्लक राहिलेले दिवस मिळाले होते: एक मंगळवार, एक रविवार सकाळ, मग पाच आठवडे काहीच नाही, कारण गवत नव्याने लावायचं होतं. पाच आठवड्यांनी परत आलो तेव्हा हंगामी तिकीट असलेल्यांपैकीही बरेच आले नाहीत. फोन करून विचारलं तर काही जणांना मोसम संपला असंच वाटलं होतं. त्यांची चूक नव्हती. आठवड्याचा एक ठरलेला दिवस मिळत नसेल, तर मी आता तो प्रस्ताव तिथेच थांबवतो.

सध्या माझं लक्ष पापुआ न्यू गिनीकडे आहे. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएल या रग्बी लीगच्या स्पर्धेत २०२८ पासून पोर्ट मोर्सबीचा संघ येणार आहे. इथे क्रम उलटा आहे: रग्बी लीग हा तिथला राष्ट्रीय खेळच आहे, हंटर्स हा तिथला संघ २०१४ पासून क्वीन्सलँडच्या स्पर्धेत खेळतोय आणि २०१७ मध्ये त्याने ती जिंकलीही. सवय आधीपासून आहे, मोठी लीग आता पोचते आहे. त्यामुळे मैदान भरेल की नाही ही काळजी मला तिथे नाही. काळजी आहे ती बाहेरचे चांगले खेळाडू कुटुंबासह तिथे राहायला तयार होतील का याची, आणि पैशाची. ऑस्ट्रेलियाच्या सरकारने दहा वर्षांसाठी ६० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर ठरवले आहेत. त्या कामावर मी असतो, तर आज हंटर्सच्या सामन्याला येणाऱ्या माणसाला परवडेल तेवढंच तिकीट धरून अकराव्या वर्षाचा हिशोब आत्ताच मांडायला घेतला असता.